फोटो पोचले, नावे पोचली नाहीत

धुळे,
मंगळवार, १४ नोव्हेंबर १९९५,
सकाळी सहा वाजून दहा मिनिटे

ती. चुडामणभाऊ यांस,
पितांबरचा साष्टांग नमस्कार.

आत्ताच कॉम्प्युटर बंद केला, त्यावर टॉवेल पांघरला आणि हे पत्र लिहायला बसलो. साडेपाचला मी तुमच्या मशीनला फोन लावला होता. मोडेमने शिट्टी मारली, मग खरखर झाली आणि जोडणी झाल्याचे पडद्यावर आले. वधू-वर मेळाव्याच्या पुस्तिकेतला पहिल्या पंधरा मुलामुलींचा मजकूर पाठवला, त्यानंतर दोन फोटो. नाशिकहून मोडेम बसवायला आलेल्या माणसाने जी चिठ्ठी भिंतीला चिकटवली आहे, तिच्याप्रमाणेच सगळे केले: अक्षरे असतील तर 'टेक्स्ट', फोटो असतील तर 'बायनरी'. मशीनने कसलीही तक्रार केली नाही. तरी जीव थाऱ्यावर नाही. काय आले, काय नाही, ते परतटपाली कळवावे.

समोर टेलिफोनची तार असताना टपाल वापरावे लागते, याचे येथे सर्वांना हसू येते. पण दिवाळीनंतर आपले मालक बन्सीलालशेठ आले तेव्हा त्यांनी फोनचा रिसीव्हरच काढून पिशवीत टाकला, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणाले, "तार मशीनसाठी घेतली आहे. तू आणि चुडामण आतेभाऊ-मामेभाऊ. बोलायला बसलात की बिल रिक्षाच्या मीटरसारखं पळतं." मी म्हणालो, "शेठ, कामाचंच बोलू." ते म्हणाले, "तुझं कामाचं अर्ध्या तासात संपत नाही."

जाताना ते जे बोलले ते मी आईला सांगितलेले नाही, तुम्हाला सांगतो. याआधी मजकुराच्या दोन फ्लॉप्या एस.टी.ने पाठवल्या होत्या. एक ड्रायव्हरने बॉनेटवर ठेवली, ती पापडासारखी वाकली. दुसरीने पारोळ्यापर्यंत कोणीतरी वारा घेतला. म्हणून शेठांनी दोन मोडेम घेतले. शेठ म्हणाले, आता डिसेंबरच्या दोन तारखेपर्यंत पूर्ण पुस्तिका तारेवरून जळगावच्या प्रेसमध्ये पोचली नाही, तर धुळ्याची खोली बंद. मशीन जळगावला जाणार आणि मी शिरपूरला मामांच्या बियाण्याच्या दुकानात. भाऊ, अकरावी नापास झाल्यावर मी त्या दुकानात दोन वर्षे पोती शिवली आहेत. ही खोली मला हवी आहे.

आत्याबाईंना नमस्कार.

आपला,
पितांबर

*

जळगाव,
१८ नोव्हेंबर १९९५

चि. पितांबर यास,
अनेक आशीर्वाद.

आधी गोड बातमी. दोन्ही फोटो आले! अमळनेरच्या इंजिनिअरची मिशी अशी आली आहे की केस मोजून घ्यावेत. शेठ स्वतः मशीनपुढे वाकून म्हणाले, "तारेतून माणूस आला रे!" आणि सगळ्या प्रेसला चहा पाजला. शेठांच्या पैशाचा चहा, तारीख लिहून ठेव.

आता दुसरी बातमी. पंधरा जणांचा मजकूर जो आला आहे तो कोणत्या देवाच्या भाषेत आहे? नुसती इंग्रजी अक्षरं, टक्क्याच्या खुणा, कंस, मध्येच मशीन टुणकन वाजतं. मी तुझ्याच फॉन्टमध्ये उघडलं, दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडलं, मशीन बंद करून चालू केलं. शेठ म्हणाले, "हे वर आपल्या समाजाचे नाहीत."

खरं सांग, तिकडे फॉन्ट बदललास का? का झोपेत कीबोर्डवर डोकं ठेवलं होतंस? तुझं काम इतकं बारीक असतं की मी सगळ्यांना सांगतो, आमच्या पितांबरच्या मजकुरात काना इकडचा तिकडे होत नाही. इथे तर कानाही नाही आणि मात्राही नाही.

घाबरू नकोस. फोटो आले म्हणजे तार चांगली आहे. गडबड तुझ्या टोकाला आहे. पुन्हा टाइप कर, पुन्हा पाठव. मंगळवारी पहाटे मी मशीन चालू ठेवतो.

तुझा,
चुडामण

*

धुळे,
शुक्रवार, २४ नोव्हेंबर १९९५, दुपारी एक वाजता, डबा खाऊन

ती. चुडामणभाऊ यांस, सा. न.

तुमचे पत्र वाचून मी पंधराही जणांचा मजकूर पहिल्यापासून पुन्हा टाइप केला. प्रूफ तपासताना वाचतात तसे उलट्या दिशेने, शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दापर्यंत वाचला. एकही चूक नाही. येथे छापून पाहिला, स्वच्छ मराठी आली. मंगळवारी पहाटे पाठवला तो हाच. म्हणजे येथून निघताना मजकूर धडधाकट आहे. तुम्ही 'गडबड तुझ्या टोकाला' असे लिहिले, त्याचे वाईट वाटले, पण ते असो.

भाऊ, मंगळवारी काय आले ते लिहिले नाहीत. कृपया एक करावे. आलेल्या मजकुराचे एक पान जसेच्या तसे छापून टपालाने पाठवावे. फेकू नये.

इकडे अर्ज येणे थांबलेले नाही. काल दोंडाईच्याचे एक गृहस्थ आले. "माझ्या मुलीची उंची पाच-चार लिहिली आहे, पाच-पाच करा."

मी म्हणालो, "काका, अर्जात तुम्हीच पाच-चार लिहिली आहे."

"ती अनवाणी मोजली होती."

"मग अनवाणीच लिहितात."

"अहो, मुलगी काय अनवाणी नांदणार आहे का?"

मी पाच-पाच केली. तेव्हापासून मनाला लागून राहिले आहे.

अर्ज घेऊन येणारे लोक या खोलीला 'आपले ऑफिस' म्हणू लागले आहेत. जळगावला जायचे एस.टी.चे भाडे वाचते, येथेच फोटो देता येतो. घरमालक रुपचंदनाना ओट्यावर बसून प्रत्येकाला विचारतात, "पोरगा का पोरगी?" आणि आत पाठवतात. हे सगळे दोन तारखेनंतर राहील की नाही, या विचाराने पहाटे फोन लावण्याआधी मी नंबर दोनदा तपासतो.

आपला,
पितांबर

*

जळगाव,
२७ नोव्हेंबर १९९५

चि. पितांबर यास, आशीर्वाद.

मंगळवारी काय आलं ते मुद्दाम लिहिलं नव्हतं, कारण तू जेवला नसतास. पुन्हा तेच आलं. वर साक्रीच्या मुलाचा फोटो अर्धाच आला. कपाळ आहे, डोळे आहेत, नाकापर्यंत नवरा आहे, पुढे काही नाही. प्रेसमधली पोरं म्हणतात, हा कधी बायकोला उलटून बोलणार नाही, याचाच नंबर पहिला लागेल.

अर्ध्या नवऱ्याचं कारण मात्र सापडलं. माडीवर शेठांच्या घरात याच लाइनचा दुसरा फोन आहे. शेठांच्या आई, आपल्या वच्छलाबाई अक्का, पाच वाजता उठतात. त्यांनी रिसीव्हर उचलला आणि आत मोडेम कोकलताना ऐकलं. त्यांना वाटलं, कोणाचं तरी लेकरू आहे. मी जिन्यातून ऐकत होतो. "कोन व्हय रे बाप्पा? काहून रडून राह्यला? माय कुठी गेली तुही?" असं पाच मिनिटं त्या मशीनची समजूत घालत होत्या. त्यांच्या मायेनं साक्रीकराचं तोंड गेलं.

मी सांगितलं, "अक्का, ते मशीन आहे." त्या म्हणाल्या, "मशीन असो का कोनी असो, रडतंय म्हटल्यावर इचारू नये का?"

फोटोचं असं झालं. मजकुराचं मात्र कारण मला कळत नाही. तू म्हणालास तसं एक पान सोबत पाठवलं आहे. त्यात एक गंमत आहे. इंग्रजीतलं जे जे आहे ते सगळं बरोबर आलं आहे: बी.कॉम., बी.एस्सी., टेलिफोन नंबर. कोणाची काय डिग्री ते कळतं, कोण ते कळत नाही.

माझ्या लिहिण्याचा राग मानू नकोस. तुझ्या टोकाला गडबड आहे असं म्हटलं, कारण माझ्या टोकाला असली तर ती मला सापडणार नाही, तुझ्या टोकाची तुला सापडेल.

आणखी एक लिहायचं नव्हतं, पण लिहितो. शेठांनी इथल्या एका कंपोझिंगवाल्याला शनिवारी संध्याकाळी बोलावून ठेवलं आहे. दोन तारखेच्या सकाळी मजकूर आला नाही, तर तो सगळं इथेच नव्याने टाइप करणार. तेव्हा शनिवारी पहाटे शेवटचं.

तुझा,
चुडामण

*

धुळे,
बुधवार, २९ नोव्हेंबर १९९५, रात्री आठ वाजता, आई भाकरी थापते आहे

ती. चुडामणभाऊ यांस, सा. न.

हे पत्र जळगावच्या शेवटच्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात देणार आहे. टपालावर विश्वास टाकायला दिवस उरले नाहीत.

तुमचे पान दुपारी आले. ते घेऊन मी चुलीपाशी बसलो होतो. आई म्हणाली, "काय रे, कोनी गेलं का?" मी म्हणालो, "नाही, मराठी गेली. इंग्रजी तेवढी जिवंत आहे." तिला पान दाखवले. तिला वाचता येत नाही, तरी ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "यामा नाव नही शे."

मी विचारले, "यात नाव नाही हे तुला कसं कळलं?"

तिने हात पुढे केला. तिच्या हातावर 'भागा' असे गोंदलेले आहे, तुम्ही पाहिले आहे. "माले वाचता येत नही. पन हाई मन्हं नाव शे, कोठेबी दखाडं ते मी वळखसू." मग तिने जे सांगितले ते मी आजपर्यंत कधी ऐकले नव्हते. गोंदणाऱ्या बाईलाही अक्षर येत नव्हते. मुडावदच्या जत्रेत एका मास्तरांनी आईच्या हातावर खडूने नाव लिहून दिले आणि त्या बाईने रेघेवरून सुई चालवली. जिला गोंदले तिला वाचता येत नव्हते आणि जिने गोंदले तिलाही नाही. तरी नाव आले, आणि बरोबर आले, कारण त्या बाईने ते वाचायचा प्रयत्नच केला नाही. जशी रेघ होती तशी नेली.

भाऊ, मी चुलीपासून उठलो आणि मोडेमबरोबर आलेले इंग्रजी पुस्तक काढले. डिक्शनरी घेऊन पाच पाने वाचली. जे समजले ते असे. मशीन प्रत्येक अक्षर आठ खुणांनी लिहून ठेवते. इंग्रजीला सात खुणा पुरतात. म्हणून 'टेक्स्ट' म्हटले की आपले मोडेम सातच पाठवते आणि आठवी गाळते, कारण त्याच्या मते अक्षर म्हणजे इंग्रजी अक्षर. आपली मराठी त्या आठव्या खुणेवरच उभी आहे. ती गेली की मराठीचे उरते ते तुम्ही पाठवलेले पान. 'बायनरी' म्हटले की मशीन काही वाचत नाही, काही गाळत नाही. जे आहे ते आठही खुणांसकट उचलून नेते. फोटो म्हणूनच पोचले.

नाशिकच्या माणसाची चिठ्ठी खोटी नाही. अक्षरे असतील तर टेक्स्ट. पण मशीनच्या हिशेबी आपली अक्षरे अक्षरेच नाहीत. आपण प्रामाणिकपणे 'हा मजकूर आहे' असे सांगितले, तेथेच फसलो. एखाद्या इंग्रजाकडून ही चूक कधी झाली नसती.

माझे चुकतही असेल. अकरावी नापास माणसाने पाच पानांवरून काढलेला अर्थ आहे. पण शनिवारी पहाटे साडेपाचला मी सगळा मजकूर, सगळ्यांचा, 'बायनरी' म्हणून पाठवणार. तुम्हीही तुमच्या बाजूला 'बायनरी' निवडावे. फक्त माझ्या बाजूने करून चालणार नाही. हे विसरू नये. हे विसरू नये. दोनदा मुद्दाम लिहिले आहे.

आणि अक्कांना त्या वेळी दूध आणायला पाठवावे.

आपला,
पितांबर

*

धुळे,
गुरुवार, ७ डिसेंबर १९९५

ती. चुडामणभाऊ यांस, सा. न.

आज पाच दिवस झाले, आपले पत्र नाही. शनिवारी येथून सगळा मजकूर आणि उरलेले फोटो पाठवले. मशीनने 'पूर्ण' असे दाखवले. पण मराठीची माती होत होती तेव्हाही ते तक्रार करत नव्हते, तेव्हा त्याच्या शब्दावर किती विसंबावे? कंडक्टरने पत्र दिले होते ना? तुमच्या बाजूला 'बायनरी' होते ना?

एका ओळीचे कार्ड टाकावे. 'आले' किंवा 'नाही'. बाकी काही लिहू नये.

आपला,
पितांबर

*

धुळे,
सोमवार, ११ डिसेंबर १९९५, सायंकाळी

ती. चुडामणभाऊ यांस, सा. न.

तुमचे मौन मी समजलो. वाईट बातमी लिहायला तुमचा हात धजत नसेल. तुम्ही दोष मानू नये.

तीन दिवस एस.टी.डी. बूथवरून प्रेसचा नंबर लावला. सकाळ, दुपार, संध्याकाळ, सदैव एंगेज. बूथवाला म्हणाला, "एवढं कोणी बोलत नाही. लाइन कापली असेल." धुळ्याचे काम बंद केल्यावर शेठांनी लाइन काढून टाकली असणार, हे मी ताडले.

शनिवारी रुपचंदनानांना सांगितले की खोली रिकामी करतो, उगाच पुढच्या महिन्याचे भाडे शेठांवर पडायला नको. नाना म्हणाले, "काय रे, चांगली वरात ये-जा करत होती!" त्यांनी लगेच झुलालभाऊ शिंप्यांना शब्द दिला. मशीन मी टॉवेलात गुंडाळून, सुतळीने बांधून, वर 'सांभाळून' असे तीन बाजूंनी लिहून ठेवले आहे. मामांना शिरपूरला कार्ड टाकले आहे. आईला आज सांगितले. ती म्हणाली, "बरं."

मशीन नेण्यासाठी कोणाला पाठवणार ते कळवावे.

आपला,
पितांबर

*

जळगाव,
१२ डिसेंबर १९९५

चि. पितांबर यास, अनेक, अनेक आशीर्वाद.

अरे आलं! सगळं आलं! शनिवारी पहाटेच आलं! पहिलं पान पडद्यावर उघडलं तर 'चि. सौ. कां. मंदाकिनी, मु. पो. शिंदखेडा', जशीच्या तशी, वेलांट्या, उकार, अनुस्वार, सगळं नेसून-सवरून उभी. मी ओरडलो. शेठ दाढी अर्धी ठेवून खाली आले. एकेक नाव मोठ्यानं वाचलं त्यांनी, हजेरी घेतल्यासारखं. कंपोझिंगवाला संध्याकाळी आला, त्याला चहा देऊन परत पाठवलं.

मग जी धावपळ सुरू झाली, ती आज सकाळपर्यंत. प्लेटा, छपाई, बाइंडिंग. गठ्ठ्यांवर झोपलो. रोज वाटायचं, पितांबरला कळवायचं आहे, आणि वाटायचं, त्याला कळलंच असेल, मशीन सांगतं ना. तुझं सात तारखेचं पत्र आत्ता कागदांच्या रिमखाली सापडलं. वाचून स्वतःच्या कानाखाली मारून घ्यावीशी वाटली.

फोन लावून पाहिला असशील तर एंगेज मिळाला असेल. मलाही आजच समजलं. अक्कांनी माडीवरचा रिसीव्हर काढून उशीवर ठेवला होता, आठ दिवस. "लेकरू निजलंय, उगा वाजवू नका," म्हणाल्या.

आता नीट वाच. शेठ म्हणाले, धुळ्याची खोली राहणार. नुसती राहणार नाही, पुढच्या वर्षीची पुस्तिका, शिवाय नंदुरबारच्या पतपेढीचा अहवाल, सगळं कंपोझिंग तिथूनच. तुझा पगारही बघतो म्हणाले. 'बघतो' म्हणाले, 'वाढवतो' नाही म्हणाले, शेठ ते शेठच.

मीच मूर्ख. रागाव, पण उत्तर पाठव.

तुझा,
चुडामण

*

धुळे,
शनिवार, १६ डिसेंबर १९९५, दुपारी चार वाजता, मशीनची सुतळी सोडून झाल्यावर

ती. चुडामणभाऊ यांस, सा. न.

पत्र गुरुवारी अकरा वाजता मिळाले. उभ्यानेच वाचले आणि खोलीकडे धावत गेलो. तोपर्यंत झुलालभाऊंनी शिलाई मशीन आत आणून ठेवले होते आणि भिंतीला खिळा ठोकत होते.

मी म्हणालो, "झुलालभाऊ, खोली मला परत पाहिजे."

ते तोंडातला खिळा काढून म्हणाले, "मी गणपतीना फोटो लाई टाका. आते गणपतीले उठाडू का तुले?"

रुपचंदनाना ओट्यावरून ओरडले, "शनवारे खाली करस म्हनस, आज परत दे म्हनस! तुन्हं डोकं ठिकानावर शे का?"

मी पत्र वाचून दाखवले. "सगळं आलं" ही ओळ दोनदा वाचली. झुलालभाऊंनी हातोडी खाली ठेवली. मग विचारले, "तुन्ही पोथीमा लगीन जमस का खरंच?" मी म्हणालो, "जमतं असं म्हणतात." ते म्हणाले, "मन्हा पुतन्या शे. त्यान्हं नाव घे, मी ओट्यावर बसस."

पुतण्याचे नाव पुढच्या वर्षीच्या अर्जांत पहिले लिहिले आहे. उंची मी स्वतः टेप धरून मोजली, पाच-सहा. झुलालभाऊ पाच-सात म्हणत होते. लिहिली नाही.

नानांनी मात्र ओट्याचे भाडे झुलालभाऊंना वेगळे लावले आणि खोलीचे मला पन्नास रुपयांनी वाढवले. मी म्हणालो, "नाना, हा अन्याय आहे." ते म्हणाले, "अन्याय कशाना? शनवारे तूच ते सोडी देल व्हता. हाई नवी खोली शे."

मामांना दुसरे कार्ड टाकले. आईने आज डाळ-बट्टी केली आहे, तुम्हाला ये म्हणते. तुमच्यावर राग नाही. पुढच्या वेळी मात्र 'आले' एवढे दोन अक्षरांचे तरी पाठवावे, टेक्स्ट म्हणून पाठवले तरी चालेल, मी समजून घेईन.

शेठांना हिशेब दाखवावा:

झुलालभाऊंचे सामान ओट्यावर आणण्यास हमाली — १२ रु.
चहा, तिघांना — ६ रु.
खोलीभाडे आगाऊ, जानेवारी ते मार्च, दरमहा ३०० प्रमाणे — ९०० रु.
एकूण खर्च — ९१८ रु.

पैकी आईकडून उसने — ५०० रु. हे देणे आहे.
माझ्या पगारातून — ४१८ रु.

शेठांकडून येणे, जुन्या दराने दरमहा २५० प्रमाणे — ७५० रु.
वरचे दरमहा पन्नास शेठांकडे मागू नयेत. ते मीच वाढवले आहेत.

आपला,
पितांबर